कळलं नाही, हे कुणाला सांगशील?

भाचीला गणित आणि संख्याशास्त्र शिकायचं आहे. तिला तीन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि ताईने रीतसर एक तक्ता केला. डावीकडे कॉलेजांची नावं, वर तीन रकाने: खर्च, शिक्षण, वातावरण. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. तिन्ही बेरजा एखाद-दोन गुणांच्या फरकाने आल्या आणि घोडं तिथेच अडलं. मग तो तक्ता माझ्याकडे आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, नवी मुलं पहिल्या दोन वर्षांत कशी बदलत जातात ते रोज बघते, म्हणून.

तक्ता तिने मनापासून केला होता, पण त्यातली बेरीज मला पटेना. एका कॉलेजला खर्चात दोन आणि शिक्षणात दहा, दुसऱ्याला दोन्हींत सहा-सहा. बेरीज दोन्हीकडे बाराच, पण म्हणून ती दोन कॉलेजं सारखी होत नाहीत. डोईजड झालेल्या कर्जाची भरपाई उत्तम प्रयोगशाळेने होत नाही. आणि मुलगी जिथे कुणाशी बोलतच नाही, तिथलं शुल्क कमी असून तिला काय उपयोग?

शिवाय या तीन गोष्टी आपापल्या रकान्यात गप्प बसत नाहीत. घरी पैशांची ओढाताण असलेला मुलगा संध्याकाळी नोकरीला जातो. त्यामुळे बरोबरची मुलं एकत्र बसून गणितं सोडवतात तेव्हा तो तिथे नसतो. त्यामुळे अडलेलं विचारायला त्याला कुणी उरत नाही. परीक्षेत तो मागे पडला की सगळे म्हणतात, अभ्यास झेपला नाही. ग्रंथालयात टेबलावर डोकं टेकून झोपलेली अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांतली काही पुस्तकं परत करायला येतात आणि सांगतात, नाव काढून घेतोय. त्यांचा खर्च, त्यांचं शिक्षण आणि त्यांचं एकटेपण वेगळं काढून दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "गुण राहू देत. तिथे गेल्यावर वर्गात पहिल्यांदा काही कळलं नाही, तर ते तू कुणाला सांगशील? तिन्ही कॉलेजांसाठी याचं उत्तर शोधून आण."

ती म्हणाली, "मावशी, हे कॉलेजच्या माहितीपत्रकात नसतं."

नसतंच. पण शोधता येतं.

तिन्ही कॉलेजांची नावं मी लिहीत नाही. एक मोठं, नावाजलेलं आणि महाग. एक दूरचं, मध्यम आकाराचं, शिष्यवृत्ती देऊ करणारं. एक घराजवळचं आणि सर्वांत स्वस्त, जिथे तिच्या मैत्रिणी जाणार आहेत.

आधी पैशाचं बोलते, कारण पैशाला गुण द्यायचे नसतात. तिथे फक्त जमेल किंवा जमणार नाही असतं. आणि तो हिशेब पूर्ण अभ्यासक्रमाचा करायचा असतो. ताईच्या तक्त्यात पहिल्या वर्षाचं शुल्क होतं. बहुतेक घरांत असंच होतं, कारण समोर पत्र असतं ते पहिल्या वर्षाचं.

शिष्यवृत्तीचंच घ्या. पत्रात रक्कम ठरलेली असते, शुल्क मात्र वाढत जातं. शुल्क १०० आणि शिष्यवृत्ती ४० धरा. पहिल्या वर्षी घरातून ६० जातात. शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढलं तर चौथ्या वर्षी ते १२६ होतं. शिष्यवृत्ती ४०च राहते आणि घरातून ८६ द्यावे लागतात. म्हणजे शुल्क २६ टक्क्यांनी वाढलं, पण आपल्यावरचा भार ४० टक्क्यांहून जास्त वाढला. ताई बँकेत काम करते, तिला हे सांगावं लागलं नाही, कागदावर मांडताच तिचा चेहरा उतरला. कर्जाचंही तसंच. दरवर्षाच्या सुरुवातीला १०० असं चार वर्षं कर्ज घेतलं आणि व्याज १० टक्के चक्रवाढीने चढत राहिलं, तर शिक्षण संपतं तेव्हा घेतलेल्या ४०० चे ५१० झालेले असतात. पहिला हप्ता अजून भरायचाच असतो.

आणि अटी. शिष्यवृत्ती टिकवायला दरवर्षी अमुक इतके गुण हवेत, ही अट तिच्या पत्रात तिसऱ्या पानावर होती. मी तिला कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारायला सांगितला: पहिल्या वर्षी ही शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी कितीजणांची दुसऱ्या वर्षी चालू राहिली? हा आकडा कॉलेजकडे असायला हवा, पण विचारल्याशिवाय सहसा कुणी आपणहून देत नाही. ही माहिती फक्त पैशासाठी नको आहे. अट फार कडक असेल तर मूल अवघड विषय घ्यायलाच कचरतं. सोप्या विषयात गुण सुरक्षित राहतात, मग ज्या कारणासाठी इतक्या लांब गेलो तेच मागे पडतं. सुदैवाने त्यांचं उत्तर आलं, आणि ते घाबरवणारं नव्हतं.

मोठ्या कॉलेजचा आकडा ताई आणि भाऊजींच्या ऐपतीच्या अगदी काठावर होता. कर्ज काढून जमलं असतं. ताईचं म्हणणं, "नाव आयुष्यभर कामी येतं गं. तेवढ्यासाठी आम्ही करू ओढाताण." आईने असं म्हटलं की समोरच्याला बोलायला जागा राहत नाही. तरी मी बोलले, कारण या प्रश्नावर कुणीतरी खरोखर काम केलेलं आहे.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत नामांकित कॉलेजांतून शिकलेली माणसं जास्त कमावतात हे दिसतच होतं. पण ते कॉलेजमुळे, की कॉलेजने मुळातच हुशार आणि जिद्दी मुलं वेचून घेतली म्हणून? त्यांनी १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती घेतली आणि सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी ज्यांना घेतलं किंवा नाकारलं होतं, अशांची आपसांत तुलना केली. तेव्हा असं आढळलं की प्रवेशाला अधिक कठीण असलेल्या कॉलेजात गेलेले आणि तसाच प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेले, दोघांची पुढची कमाई साधारण सारखीच होती. एक अपवाद मात्र ठळक होता. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना अशा कॉलेजचा फायदा झाला होता.

तो अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. घरात आधी कुणी शिकलेलं नाही, नोकरीधंद्यात ओळखीचं कुणी नाही, अशा मुलाला मोठं कॉलेज एक दार उघडून देतं, असा मी त्याचा अर्थ लावते. तसं मूल माझ्याकडे सल्ला मागायला आलं आणि ते कॉलेज पुरेशी मदत देत असेल, तर मी त्याला म्हणेन, जा, मागे बघू नकोस. आमच्या भाचीचे आईवडील दोघेही शिकलेले आणि नोकरी करणारे आहेत. तिला नावाची गरज तेवढी नाही. हे ताईला पटायला वेळ लागला, पण पटलं.

आता शिक्षण. ताईने या रकान्यातले गुण क्रमवारी पाहून दिले होते. क्रमवारी कशी बनते ते पाहा. अमेरिकेत गाजलेली एक क्रमवारी १९८३ पासून निघते, आणि त्यातली बरीच माहिती कॉलेजं स्वतःच भरून देत. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडिअस यांनी आपल्याच विद्यापीठाने दिलेले आकडे तपासले आणि लहान वर्गांचं प्रमाण वगैरे बाबी जुळत नाहीत असं जाहीरपणे मांडलं. विद्यापीठाला काही आकडे चुकल्याचं मान्य करावं लागलं आणि ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. शिकवणं त्या वर्षी बिघडलं नव्हतं. वर्गही तेच, शिक्षकही तेच. क्रमांक मात्र सोळा पायऱ्या खाली.

आकडे खरे असले तरी ते काय सांगतात हे बघावं लागतं. समजा एखाद्या विभागात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी २० मुलं आणि एका मोठ्या सभागृहात ३२० मुलं. कॉलेज अगदी खरेपणाने म्हणू शकतं की आमचे ९० टक्के वर्ग लहान आहेत, आणि वर्गाची सरासरी ५० आहे. पण मुलांच्या बाजूने मोजा. एकूण ५०० जागांपैकी ३२० जागा त्या मोठ्या सभागृहात आहेत, म्हणजे शंभरातली ६४ मुलं तिथे बसलेली आहेत. भाचीला संख्याशास्त्र शिकायचं आहे, तर तिने हे उदाहरण लगेच पकडलं आणि स्वतःच विचारलं, "मग पहिल्या वर्षाचं गणित कोणत्या वर्गात असतं?" मोठ्या कॉलेजात ते सभागृहात होतं. पहिल्याच वर्षी, जिथे पाय सगळ्यांत जास्त डगमगतात.

कॉलेजचा दर्जा असं आपण बोलतो, पण विद्यार्थी राहतो विभागात. त्याच आवारात एक विभाग जिवंत असतो आणि शेजारचा नुसता नावाला. माहितीपत्रकात वैकल्पिक विषयांची लांबलचक यादी असते. त्यातले गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणते शिकवले गेले, हे वेळापत्रक मागितलं की कळतं. घराजवळच्या कॉलेजात यादी सुंदर होती आणि वरच्या वर्गांतले निम्मे विषय कुणी घेतच नव्हतं, कारण शिकवायला माणूस नव्हता. तिथल्या पहिल्या वर्षाच्या शिक्षकांबद्दल मात्र मुलं भरभरून बोलली. हे दोन्ही खरं होतं.

२०१४ मध्ये गॅलप ही पाहणी करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी अमेरिकेतल्या ३० हजारांहून अधिक पदवीधरांची पाहणी केली. कॉलेज सरकारी की खासगी, लहान की मोठं, याने पुढच्या कामातल्या समाधानात फारसा फरक पडलेला दिसला नाही. फरक दिसला तो वेगळ्याच गोष्टींनी: आपली काळजी करणारे शिक्षक भेटले का, विषयाची गोडी लावणारं निदान कुणी एक होतं का, पुढची वाट दाखवणारं कुणी होतं का. अशी माणसं कोणत्या कॉलेजात आहेत हे क्रमवारीतून कळत नाही. पण विभागात एक साधं पत्र लिहून विषयाबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर येतं की नाही, किती दिवसांनी येतं आणि कोणाकडून येतं, यावरून बरंच कळतं. भाचीने तिन्ही ठिकाणी लिहिलं. दूरच्या कॉलेजातून एका प्राध्यापिकेचं सविस्तर उत्तर आलं, सुट्टीत वाचायला काय घ्यावं यासह.

आणि आता तो तिसरा रकाना, वातावरण. ताईने त्यात आवार, वसतिगृह, मैत्रिणी आणि कार्यक्रम असं सगळं एकत्र घातलं होतं. मुलीला तिथे करमेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. तो प्रश्न लहान नाही. १९७५ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी मुलं शिक्षण मधेच का सोडतात याची मांडणी केली, तेव्हा त्यांनी अभ्यासात सामावलं जाणं आणि माणसांत सामावलं जाणं या दोन्हींना शेजारी ठेवलं होतं. पण ही दोन्ही एकाच टेबलावर कशी घडतात, ते मला उमगलं गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांच्या कामामुळे. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

१९७० च्या दशकात ट्राइसमन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, मोठ्या संख्येने नापास होत होते. कारणं सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखी होती: तयारी कच्ची, घरचं पाठबळ नाही, जिद्द कमी. ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्याबरोबर राहून पाहिलं. ठाऊक असलेली कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, घरच्यांचा जीव त्यांच्या शिक्षणात होता. पण ती जवळजवळ सगळी एकटी अभ्यास करत. वर्गमित्र वेगळे आणि जिवाभावाचे मित्र वेगळे. चिनी विद्यार्थी आधी एकेकटे बसत आणि मग एकत्र येऊन उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, कुणालाच न सुटलेलं गणित सगळ्यांनाच अडलंय हे त्यांना कळत असे. एकट्या मुलाला मात्र वाटत राहतं की हे फक्त आपल्यालाच जमत नाहीये.

त्यावर ट्राइसमन यांनी सुरू केलेले गट म्हणजे कच्च्यांसाठीची शिकवणी नव्हती. मुद्दाम अवघड गणितं द्यायची आणि ती मिळून सोडवायची. त्या गटांतल्या मुलांचे निकाल पालटले, आणि ही पद्धत पुढे अनेक विद्यापीठांनी उचलली.

हे वाचल्यापासून मी ग्रंथालयातली टेबलं वेगळ्या नजरेने बघते. हुशार आणि शांत मुलगी खिडकीजवळ एकटी बसून तेच पान पुन्हा पुन्हा वाचते, तेव्हा मला तिची काळजी वाटते. आमची भाची तशीच आहे. शाळेत तिला सगळं यायचं, त्यामुळे विचारायची सवयच लागली नाही. म्हणूनच मी तो प्रश्न तिला दिला होता.

उत्तर कसं शोधायचं? दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलायचं. पहिल्या वर्षाच्यांना सगळं नवं असतं आणि शेवटच्या वर्षाच्यांना पुढची घाई असते. कॉलेज ज्यांची गाठ घालून देतं त्यांच्याशी बोलावंच, पण त्यांच्याकडून आणखी दोघांची नावं घ्यावीत. आणि 'कॉलेज कसं आहे' असं विचारू नये, त्याला सगळे 'छान' म्हणतात. 'शेवटचं कधी अडलं होतं आणि मग तू काय केलंस' असं विचारावं. जमलं तर स्वतः जाऊन यावं, पण स्वागताच्या सजवलेल्या दिवशी नाही. साध्या कामाच्या दिवशी, शेवटचा तास संपल्यानंतर. तेव्हा आवारात कोण थांबतं आणि कशासाठी थांबतं ते दिसतं.

घराजवळच्या कॉलेजात शेवटच्या तासानंतर सगळे आपापल्या घरी जातात. मैत्रिणी आहेत, पण त्या दुसऱ्या शाखांना. मोठ्या कॉलेजात बोलायला मिळालेल्या दोघीही हुशार आणि मोकळ्या होत्या. त्या म्हणाल्या, शिक्षक भेटीच्या वेळा देतात, पण जायला धीर होत नाही, कारण बाकीचे हे सगळं आधीच शिकून आलेत असं वाटतं. सगळ्यांनाच तसं वाटतं, असंही त्यांतली एक म्हणाली. दूरच्या कॉलेजात गणित विभागाची एक खोली आहे, भिंतींवर लिहायचे फळे लावलेली. दुपारनंतर तिथे वरच्या वर्गातली मुलं बसतात आणि खालच्या वर्गातली येऊन विचारतात. भाची तिथे गेली तेव्हा एका मुलाने तिला खडू देऊन विचारलं, "तुला यातलं काही सुचतंय का?" तिला थोडं सुचलं. परत येताना गाडीत ती त्याच गणिताबद्दल बोलत होती, वसतिगृहाच्या खोलीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

वसतिगृहाचीही चौकशी मी केली. अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये डार्टमथ कॉलेजातल्या योगायोगाने जमलेल्या खोलीसोबत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोबत्याचा परिणाम गुणांवर होतो आणि कोणत्या मंडळांत सामील व्हायचं यावरही होतो, असं त्यात दिसलं. म्हणून खोली बदलून मागता येते का, कधी आणि कुणाकडे, हे आधी विचारून ठेवावं. दूरच्या कॉलेजात ती पहिल्या सत्रानंतर बदलता येते.

तिने दूरचं कॉलेज घेतलं. ताईला अजून थोडी हळहळ आहे आणि ती मला मान्य आहे. नाव सोडणं सोपं नसतं. दूर राहण्याचा खर्च आहे, घरी येणं कमी होईल, आणि मैत्रिणी सुटतील याचं भाचीला खरंच वाईट वाटतंय. यातलं काहीच त्या खोलीतल्या फळ्यांनी पुसलं जाणार नाही. पण तिन्ही कॉलेजांत मिळून एकाच ठिकाणी तिला माझ्या प्रश्नाचं उत्तर माणसांच्या रूपात देता आलं.

एक काम राहिलं होतं. इतर दोन ठिकाणी नकार कळवायचा. पुष्कळ घरं हे करत नाहीत, मुदत संपली की जागा आपोआप सुटते म्हणून सोडून देतात. पण प्रतीक्षा यादीतलं मूल तेवढे दिवस ताटकळत राहतं आणि मिळेल त्या दुसऱ्या जागेचं शुल्क भरून बसतं. भाचीने दूरच्या कॉलेजचा प्रवेश पक्का झाल्याचं लेखी हातात आल्यावर त्याच दिवशी दोन्हीकडे कळवलं. तुम्हीही कळवा. मोठ्या कॉलेजातली ती जागा कदाचित अशा मुलाला जाईल, ज्याला त्या नावाची खरी गरज आहे.